फक्त ठिकाण आणि वजन

८ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मी ‘जेवलास का’ याच्या पुढे जात नाही. तुझ्या ट्रेनिंगच्या काळात तिकडे फोन नव्हता, तेव्हा आपल्याला पत्रांची सवय लागली, ती एक बरी झाली. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच भांडायला लागला असतास. आता भांड कागदाशी.

माझा अहवाल एकदाचा झाला. दोन वर्षं आमच्या अपघात नोंद विभागात मी दुसरं काही केलं नाही. हेलिकॉप्टरचे एकूण अपघात कमी होताहेत, हे तू ऐकलं असशीलच. दर लाख उड्डाण-तासांमागे किती, असं आम्ही मोजतो, आणि ती रेघ छान खाली उतरते आहे. मंत्र्यांना दाखवायला अगदी झकास. पण त्यातून अँब्युलन्स हेलिकॉप्टरं वेगळी काढली तर त्यांची रेघ हलायलाच तयार नाही. पंधरा वर्षांपूर्वी होती तिथेच आहे. बरं, यंत्र बिघडून पडलेली त्यात फार थोडी. बाकीच्यांची गोष्ट एकच. हेलिकॉप्टर धडधाकट, पायलट धडधाकट, आणि समोर ढगात डोंगर.

मग हे लोक अशा हवेत उडालेच का, म्हणून मी पायलटला फोन करणाऱ्या कंट्रोल रूमच्या जुन्या टेप काढून ऐकल्या. पेशंट कोण आहे हे पायलटला आधी सांगितलं जातं. म्हातारा असेल तर पायलट हवामान बघतो आणि ‘नाही’ म्हणतो. लहान मूल असेल, बाळंतीण असेल, तर त्याच हवेत तो निघतो. हे मी मनाचं सांगत नाही, आकडे सांगतात.

म्हणून मी नियम सुचवलाय. पेशंटचं नाव, वय, आजार, काही म्हणजे काही पायलटला सांगायचं नाही. फक्त ठिकाण आणि वजन सांगायचं. हो किंवा नाही, ते त्याने हवेकडे बघून ठरवायचं. पेशंट कोण ते ‘हो’ म्हटल्यावर, मागे बसणाऱ्या डॉक्टरला कळेल.

झालं लिहून. आता कर आरडाओरडा.

तुझी,
ताई

१९ सप्टेंबर

ताई,

करतोच.

आमच्या तळावर एकदा येऊन बघ. पत्र्याची एक खोली, दोन खाटा, बुडाशी काळी पडलेली चहाची किटली. भिंतीवर कंट्रोलचा फोन आणि त्याच्या बाजूला खिंडीतल्या कॅमेऱ्याचा पडदा. फोन वाजला की पलीकडून आप्पा बोलतो. कंट्रोलला सगळ्यांत जुना माणूस तो, त्याचा आवाज ऐकला की निम्मं टेन्शन उतरतं. आता तो आप्पा मला म्हणणार, ‘अमुक ठिकाण, सत्तर किलो’. आम्ही काय पोती वाहतो का? वजन लागतंच, इंधन किती घ्यायचं ते त्याच्यावर ठरतं, मान्य. पण आम्ही हे काम करतो ते पलीकडे माणूस आहे म्हणून करतो. ते काढून घेतलंस तर मी ट्रकच चालवीन की. बाबांच्या डेपोच्या काट्यावर रांगेत उभा राहीन.

आणि तू आम्हाला इतकं लेचंपेचं समजतेस? मूल म्हटलं की डोळे मिटून डोंगरात घुसणारे?

बाबांवरून आठवलं. मी पाठवलेल्या वजनकाट्याने त्यांना वेड लावलंय. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं म्हणून मी तो घेतला. आता दर रविवारी सकाळी फोन येतो. ‘कसा आहेस’ नाही, काही नाही, एकदम ‘साडेअठ्ठावन्न’. परवा म्हटलं, बाबा, अर्धा सोडा की. तर म्हणाले, “लाकडाच्या डेपोवर तीस वर्षं ट्रक तोलले, कुणाचा अर्धा सोडला नाही. आता स्वतःचा सोडू?” मागून आईचं हसणं ऐकू आलं.

हसण्यावारी नेलं, पण वजन उतरतंय त्यांचं. तू एकदा डॉक्टरांशी नीट बोल. बाबा तुझं ऐकतात, माझ्याशी फक्त किलोत बोलतात.

बारक्या

३ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

डॉक्टरांशी बोलले. हृदय दमलंय म्हणाले. गोळ्या वाढवल्यात. रात्रीबेरात्री काही झालं तर वेळ घालवू नका, लगेच फोन करा, असं आईला दोनदा बजावलंय. आई म्हणाली, “माझा मुलगाच येईल की न्यायला.” तिच्या दृष्टीने तू अजून आपल्या घराण्याचा खासगी पायलट आहेस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुम्हाला लेचंपेचं समजते का, असं विचारलंस. एक गोष्ट मी तुला सांगणार नव्हते. मी ज्या टेप ऐकल्या, त्यांत मास्तरांचीही होती.

त्यांच्याइतका थंड डोक्याचा माणूस मी पाहिला नाही, असं तूच सांगायचास. तुला उडायला शिकवलं त्यांनी. ‘घाई झालेला पायलट निम्मा मेलेला असतो’ हे वाक्य तू जेवताना घास तोंडात असताना म्हणून दाखवायचास. तर टेपवर आधी मास्तर स्वच्छ ‘नाही’ म्हणतात. ढग खाली आहे, जमणार नाही. मग कंट्रोलवरचा माणूस, तो आप्पा नव्हे, दुसरा, म्हणतो, “सर, पाच वर्षांची मुलगी आहे.” मग काही वेळ नुसती खरखर. मग मास्तर म्हणतात, “बघतो.”

एवढंच. अर्ध्या तासात ते आणि मागे बसलेली दोघं गेली.

आणि ती मुलगी रस्त्याने दवाखान्यात गेली आणि बरी झाली. मी जाऊन भेटले तिला. वेणीला लाल रिबीन होती. तिच्यासाठी कोणी मेलं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या ‘बघतो’मुळे मी हा नियम लिहिला. तुझ्या तोंडून तो शब्द टेपवर ऐकायची माझी तयारी नाही. बस.

ताई

२१ नोव्हेंबर

ताई,

मास्तरांच्या टेपबद्दल वाचून दोन दिवस धड जेवलो नाही. मग सहा आठवडे उत्तर लिहिलं नाही, त्याबद्दल कान धर.

नियम लागू होऊन तीन आठवडे झाले. कबूल करायला जीभ रेटत नाही, पण करतो. तू जिंकलीस. या तीन आठवड्यांत दोनदा ‘नाही’ म्हटलं. दोन्ही वेळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिंड दिसतच नव्हती, नुसतं दूध. पूर्वी ‘नाही’ म्हटल्यावर तो पेशंट आठवडाभर माझ्या उशाशी बसायचा. आता माझ्याकडे फक्त एक आकडा असतो, आणि आकडा काही उशाशी बसत नाही. गाढ झोपलो. आमची सिस्टरही म्हणाली, सर, तुमचा चेहरा सुधारलाय. तिची मुलगी आता चालायला लागलीय, पायलटांच्या हेल्मेटमध्ये पाय घालून उभी राहते.

आप्पाला मात्र जड जातंय. त्याला सगळं कळतं आणि ओठ मिटून बसावं लागतं. “ठिकाण अमुक. वजन साठ,” असं शाळेतल्या पोरासारखं म्हणतो आणि थांबतो. सगळे गोल आकडे सांगतात, साठ, सत्तर, ऐंशी. अंदाजानेच. आजारी माणसाला कोण तोलत बसतंय!

बाबा साडेपंचावन्नवर आलेत. आईला म्हटलं, खायला घाल. ती म्हणाली, “मी घालते रे, त्यांनी गिळायला नको?”

पुढच्या महिनाअखेरीला सुट्टी टाकलीय. तूही ये. चौघं बसून त्या काट्यावर एकेक करून उभे राहू.

बारक्या

१६ डिसेंबर

बारक्या,

बाबांना जाऊन सात दिवस झाले. तू फोन उचलत नाहीस. आलाही नाहीस. बदली पायलट मिळाला नाही, असा तुझा निरोप आईने सगळ्यांना सांगितला आणि लोकांनी माना हलवल्या. मला ते खरं वाटलेलं नाही. तुला तोंड दाखवायची भीती वाटते आहे, हे मला कळतं. म्हणून लिहिते.

काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. दुपारचं जेवण झालं आणि बाबा पायरीवर बसले, ते उठेचनात. घाम, छातीवर हात. आईने लगेच फोन केला. कंट्रोलने सांगितलं, शाळेच्या मैदानावर आणा. खिंडीपलीकडच्या आपल्या पाचही वस्त्यांचे पेशंट तिथूनच नेतात, तुला माहीत आहेच. मग थोड्या वेळाने सांगितलं, हेलिकॉप्टर येत नाही, हवामान, रस्त्याने न्या. आरोग्य केंद्राची गाडी आली. डोंगराला वळसा घालून तीन तास. ते तीन तास त्यांच्याकडे नव्हते. पूल ओलांडल्यावर गेले. आई बरोबर होती.

डॉक्टर मला म्हणाले, तासाभरात आणलं असतंत तर कदाचित.

बारक्या, तुला माहीत नव्हतं. तू एका आकड्याला ‘नाही’ म्हणालास, आपल्या बापाला नाही. आई येईल त्याला हेच सांगते, कोणी न विचारताही सांगते. “त्याला माहीत नव्हतं हो. त्याला सांगतच नाहीत.” तुझ्यावर कोणाचा राग नाही.

राग आहे तो माझ्यावर आहे, माझा. तुला कळलं असतं तर तू आला असतास. कसाही आला असतास. मी कागदावर रेघा ओढल्या आणि बाबा गेले. नियम मागे घ्या, असं पत्र मी समितीला दिलंय. १२ जानेवारीला बैठक आहे. माझाच नियम, मीच मोडा म्हणते आहे, म्हटल्यावर ते ऐकतील.

एकदा फोन उचल रे.

ताई

२२ डिसेंबर

ताई,

पत्र पोचलं. काय लिहू कळत नाही.

आईची काळजी घे. मी येतो, जरा इथलं निभावलं की. खरंच माणसं कमी आहेत.

नियम मागे घेऊ नकोस. तूच मला आकडे दाखवलेस. एका घराच्या दुःखावरून नियम बदलत नाहीत, हे तूच मला शिकवशील खरं तर. त्या दिवशी हवा वाईट होती. कोणीही गेलं नसतं. गेलं असतं तर तुझ्या तक्त्यात आणखी एक ओळ वाढली असती, एवढंच. ते पत्र परत घे आणि स्वतःला दोष देऊ नकोस.

बारक्या

२७ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. ‘एका घराचं दुःख’! हे तू लिहिलंस? बाबांबद्दल? तू कुठल्या सरकारी कागदाला उत्तर देत होतास का?

‘कोणीही गेलं नसतं’ म्हणतोस. मास्तर गेले. एक ओळखदेख नसलेली पोर, तिच्यासाठी गेले. आणि तू बाबांसाठी गेला नसतास? मी तुला ओळखत नाही का? लहानपणी बाबांना यायला उशीर झाला तर तू अंधारात डेपोच्या फाटकापर्यंत एकटा जाऊन उभा राहायचास. तुला कळलं असतं तर तू ढगात घुसला असतास आणि त्यांना घेऊन बाहेर आला असतास. मास्तरांना जमलं नाही म्हणून तुलाही जमलं नसतं असं नाही. तू आलाच असतास, या एका गोष्टीवर मी सध्या उभी आहे. ती माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

एका मुलाला बापाचं नाव कळू दिलं जात नाही, असला नियम माणसांचा नव्हे. माझं पत्र समितीकडेच राहील. बैठकीत उभी राहून मी बाबांचं उदाहरण देणार आहे. तुझंही.

ताई

२ जानेवारी

ताई,

बैठकीत माझं उदाहरण देऊ नकोस. ते खोटं आहे.

मला माहीत होतं.

आप्पाने नियम मोडला नाही. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने एक शब्द जास्त उच्चारला नाही. फोन वाजला, मी उचलला. तो म्हणाला, “शाळेचं मैदान.” मग म्हणाला, “वजन साडेत्रेपन्न.”

आमच्याकडे कोणी अर्धा किलो सांगत नाही, ताई. इतक्या वर्षांत कोणी सांगितलेला नाही. आणि त्याच रविवारी बाबांचा फोन आला होता. साडेत्रेपन्न. आईने सवयीने जे काट्यावर होतं ते सांगितलं असणार, बिचारीला काय ठाऊक. तू तुझ्या नियमात नाव झाकलंस, वय झाकलंस. पायलटच्या बापाचं वजन पायलटला पाठ असेल, हे तुझ्या डोक्यात कसं येणार!

मी पडद्याकडे बघितलं. खिंड नव्हती. खिंडीच्या अलीकडचा विजेचा मनोराही नव्हता. डॉक्टर बॅग उचलून दारात उभा होता. सिस्टर केस बांधत होती, तोंडात पिन. दोघांनाही पेशंट कोण हे माहीत नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर दोघं मुकाट्याने मागे बसली असती, कारण मी ‘हो’ म्हटलंय. माझ्या तोंडात ‘बघतो’ आला होता. खरं सांगतो, जिभेवर होता. मला मास्तरांचा आवाज ऐकू आला, तू लिहिला होतास तसा, खरखर संपल्यावरचा.

मी म्हटलं, “नाही. हवामान.”

आप्पा म्हणाला, “ठीक.” आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कितीतरी वेळ आम्ही दोघं तसेच कानाला लावून उभे होतो.

एकटा असतो तर गेलो असतो. हे मी स्वतःला रोज सांगतो. पण ते खरं आहे का, तेही आता मला कळत नाही. कदाचित मला मरायची भीती वाटली असेल. ते तुझ्या कुठल्या तक्त्यात दिसणार नाही.

पुढचं ऐक. तासाभराने पडदा एकदम स्वच्छ झाला. खिंड, मनोरा, पलीकडची वस्ती, सगळं. मी फोनवर झडप घातली. आप्पा म्हणाला, गाडी कधीच निघाली, अर्ध्या रस्त्यात असेल, मध्ये उतरायला जागा नाही. आम्ही बोलत होतो तेवढ्यात पुन्हा पांढरं झालं. मी गेलो असतो तर नेमका परतताना त्यात सापडलो असतो. किंवा नसतोही. मी रोज दोन्ही बघतो.

तू मला ‘माहीत नव्हतं’ म्हणालीस आणि मी त्याच्याआड लपलो. आई तेच सगळ्यांना सांगते, त्याच्याआड लपलो. म्हणून घरी आलो नाही. ती मला जवळ घेऊन म्हणेल, तुला कुठे माहीत होतं रे, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल.

नियम ठेव. तो असूनही मी कोसळायचा राहिलो ते थोडक्यात. दुसऱ्याच्या कानावर त्याच्या बापाचं नाव पडलं तर तो जाईल, आणि सिस्टरसारखी दोघं मागे घेऊन जाईल.

तुझा भाऊ

९ जानेवारी

समितीला दिलेलं पत्र मी परत घेतलं. नियम राहील. वजन जवळच्या दहाच्या आकड्यात सांगावं, एवढी दुरुस्ती सुचवली आहे. का, ते कोणाला सांगितलं नाही.

तू केलंस ते बरोबर आहे. माझी सगळी नोकरी हेच म्हणते. तुला शंभर वेळा विचारलं तरी हेच उत्तर द्यायला हवं. तू ‘नाही’ म्हणालास म्हणून वाचलेली तीन माणसं आमच्या कुठल्याच रकान्यात येत नाहीत, न झालेल्या अपघाताची नोंद कोणी ठेवत नाही. पण ती तीन माणसं आहेत. त्यांतला एक तू आहेस.

हे सगळं मला समजतं आणि तरी तुझं पत्र वाचल्यापासून मी तुला नावाने हाक मारू शकत नाही. मायना लिहायला तीनदा पेन उचललं. मला थोडा वेळ दे.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला ते ‘माहीत नव्हतं’ लागतं, गोळीसारखं. तुझं पत्र मात्र माझ्या पिशवीत होतं आणि आई ती पिशवी आवरत होती. तिने वाचलं की नाही, ठाऊक नाही. संध्याकाळी माझ्याकडे कागद मागितला.

१० जानेवारी

चि. बारक्यास,

ताईची पिशवी मी आवरली नाही, मुद्दाम उघडली. ती रात्री रडते आणि विचारलं की सर्दी म्हणते. तुझं पत्र वाचलं. त्यात एक चूक आहे, ती तुला सांगायला बसले.

मी सवयीने सांगितलं असं तू लिहिलंस. तसं नाही.

फोनवरच्या त्या माणसाला मी म्हटलं, तुमचा पायलट माझा मुलगा आहे, त्याला सांगा त्याचे वडील आहेत. तो म्हणाला, बाई, हात जोडतो, मला सांगता येत नाही, मला फक्त वजन सांगा. तुझे बाबा पायरीवर बसले होते, त्यांनी ऐकलं. ते म्हणाले, “अर्धा सांग. त्याला कळेल.” मग मी साडेत्रेपन्न सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि मला परत विचारलं, साडे? मी म्हटलं, साडे. जसंच्या तसं सांगा.

म्हणजे तुला कळलं होतं, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. येईल त्याला मी उलटं सांगत राहिले, कारण लोक तुला बोलले असते आणि मला ते ऐकवलं नसतं. तुझ्या ताईलाही तेच सांगितलं. ती त्यावरून नियम मोडायला निघेल हे मला काय माहीत.

आता दुसरं. हे ताईलाही माहीत नाही.

हेलिकॉप्टर येत नाही असा फोन येऊन गेला होता आणि त्यांना गाडीत घालत होते. त्यांनी विचारलं, “निघाला का?” मी म्हटलं, निघालाय. मग गाडी रस्त्याला लागली तर म्हणाले, मैदान मागे राहिलं की. मी म्हटलं, मैदानावर ढग आहे, पुलापलीकडे मोकळं आहे, तिथे उतरतोय तो. ते मान्य झालं त्यांना. मग सगळा रस्ता ते खिडकीतून वर बघत होते. मध्येच म्हणाले, “आवाज आला बघ.” मी म्हटलं, हो, आला.

पूल आला. पलीकडचं ते रान नेहमीसारखंच रिकामं होतं, दोन गुरं चरत होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. उतरवतील आता, डोळे मिटा जरा, म्हटलं. त्यांनी मिटले. मग उघडले नाहीत.

तू बरोबर केलंस असं ताईच्या कागदावर आहे. असेल. ती शिकलेली आहे, आणि त्या सिस्टरची मुलगी लहान आहे हे मलाही कळतं. पण मी तुला बोलावलं होतं आणि तू आला नाहीस. हे दोन्ही माझ्या घरात आहे. एक आलं म्हणून दुसरं जात नाही. तू समोर आलास की मी तुला जवळ घेईन की दार लावून घेईन, ते मी आत्ता सांगू शकत नाही. तरी ये. काय होईल ते समोरासमोर होऊ दे.

काटा आहे तिथेच आहे. मी काल उभी राहिले त्यावर, एकोणपन्नास आणि वर थोडं. मला तो अर्धा नीट वाचता येत नाही, चष्मा बदलायला हवा.

तू निघालायस, असं मी त्यांना सांगितलंय. आता तरी निघ. रस्त्याने ये.

आई